डोळा दिसल्याशिवाय चाप नाही

ओर्बी,

तुझ्याबद्दल कुणी दोन बरे शब्द बोलायला लागलं की तू उठून पडवीत जायचास. आता उठता येत नाही तुला, तेव्हा मुकाट्यानं ऐक. तुला पुरलं त्या दिवशी पाद्रीबुवांनी सांगितलं, की कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं खाल्ली म्हणून ओर्बी नेपिअरनं शिकार सोडली. सगळ्या चर्चनं माना डोलावल्या. पुढच्या बाकावरच्या एल्झी बेगलीनं तेवढी डोलावली नाही. नंतर जेवणाच्या वेळी तो बटाट्यांची ताटली घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू आपल्या खोऱ्यातली कॉलेजात गेलेली बाई आहेस. खरं काय झालं ते लिहून ठेव. हल्लीची पोरं कानात वॉकमन कोंबून रानात जायला लागलीत." मी तुझ्या बायकोला, डेल्फाला, विचारलं. ती म्हणाली, लिही, आता लाज कुणाची राखायची?

तर लिहिते. ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांनाही कळायला हवं, म्हणून इथून पुढे तू 'तो'.

ओर्बी नेपिअर पार्सन्स फोर्कच्या खोऱ्यात जन्मला आणि तिथंच मेला. मधली सगळी वर्षं त्यानं डोंगराच्या पोटात कोळसा कापायच्या यंत्रावर काढली. खाणीबद्दल तो कधी बोलला नाही. बोलायचा तो खारींबद्दल. ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी खारींचा हंगाम उघडतो, आणि जुलै संपला की ओर्बीचं जेवणात लक्ष नसायचं. तो डोंगराच्या धारेवर जाऊन हिकरीची, म्हणजे खारींना आवडणाऱ्या कठीण कवचाच्या फळांची, झाडं बघून यायचा. कुठलं झाड फळाला लागलंय, कुठलं पोकळ आहे, खाली टरफलांचा चुरा ताजा आहे की जुना, हे सगळं डेल्फाला ऐकवायचा. शेंगा निवडता निवडता तिला पोस्टात भेटणाऱ्या बायकांपेक्षा धारेवरची हिकरीची झाडं जास्त पाठ झाली होती.

त्याचं सामान म्हणजे काय, तर बापाची बावीस नंबरची रायफल. एका वेळी एकच गोळी घेणारी, दस्ता एका जागी चिरलेला आणि तांब्याच्या तारेनं बांधलेला. जावयानं एका नाताळात त्याला पानाफुलांच्या नक्षीचा शिकारी पोशाख आणि दुर्बीण लावलेली नवी बंदूक आणून दिली. ओर्बीनं आभार मानले, पोशाख घालून आरशापुढे उभा राहिला आणि म्हणाला की आता एखादी खार माझ्यावर घरटं बांधेल. बंदूक कपाटात गेली ती गेलीच. तो घालायचा ते खाणीतलं जुनं जाड जाकीट. डेल्फानं पाठीमागे आतून मेणकापडाचा मोठा खिसा शिवून दिला होता, म्हणजे रक्त सदऱ्याला लागत नसे. रबरी तळव्यांचे बूट, बारीक पात्याचा चाकू, पाटलोणीच्या खिशात थोड्याशा गोळ्या. आणि एक आटे पाडलेला बोल्ट आणि एक नाणं. नाण्याची कड आट्यांवर घासली, की खार हिकरीचं कवच कुरतडते तसा हुबेहूब आवाज निघतो. तो ऐकून दुसरी खार शेंड्यावरून डोकावते. हे नाणं वाजवण्यात एल्झीचा हात कुणी धरावा? ओर्बीसुद्धा ते कबूल करायचा, फक्त एल्झीसमोर नाही.

एल्झी म्हणजे डेल्फाचा धाकटा भाऊ, पण त्याआधी ओर्बीचा लहानपणापासूनचा रानातला जोडीदार. दोघं एकमेकांना सरळ हाक मारायचे नाहीत. ओर्बी एल्झीला 'म्हाताऱ्या' म्हणे, एल्झी ओर्बीला 'आंधळ्या'.

ओर्बी खार डोक्यातच मारायचा. अंगावर मारली तर मांस नासतं, आणि जीव लगेच जात नाही. त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलं होतं, डोळा दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. पान हललं, शेपटी दिसली, पाठ दिसली, तरी नाही. डोळा दिसला तर. या हट्टापायी त्याच्या हातून कितीतरी खारी सुटायच्या. एल्झी तोवर दोन पाडून मोकळा व्हायचा आणि विचारायचा, "काय आंधळ्या, तिचं नाव-गाव विचारतोयस का?"

पहिल्या दिवशीची शिकार आपल्या चुलीवर चढवायची नाही, हा खोऱ्यातला रिवाज. ती ज्या घरातून कुणी रानात जाऊ शकत नाही तिथं जायची. ओर्बी खारीच्या शेपटीखाली चीर पाडायचा, शेपटीवर बूट ठेवून मागचे पाय धरून वर ओढायचा, की कातडं कोटासारखं निघून यायचं. मग तुकडे मिठाच्या पाण्यात घालून डबा मोझेल मावशीच्या पडवीत ठेवून यायचा. ती सगळ्या खोऱ्याची मावशी. तिला दात नव्हते, तरी ती पिठाच्या पांढऱ्या रश्शात मांस पार विरेपर्यंत शिजवून पावाबरोबर खायची, आणि ओर्बी या वर्षी खार म्हातारी मारलीस रे, म्हणून कुरकुरायची.

दुसरा एक रिवाज महत्त्वाचा. सकाळच्या धुक्यात कोण कुठं बसलंय ते दिसत नाही. म्हणून धारेवर चढणाऱ्यानं थांबून लावा पक्ष्यासारखी शीळ घालायची. आधी कुणी बसलेलं असलं तर तो तशीच शीळ परत देतो, आणि येणारा मुकाट दुसऱ्या ओहळाकडे वळतो. उत्तर आलं नाही तर जागा मोकळी. या एका शिळेवर खोऱ्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिली.

आणि ओर्बीला ती शीळ ऐकू येईनाशी झाली होती.

एकदम झालं नाही ते. यंत्रापाशी आयुष्य गेलेल्या माणसाचे आधी बारीक आवाज जातात. ढग गडगडले, ट्रक आला, पाद्रीबुवा ओरडले, हे त्याला ऐकू यायचं, म्हणून घरात लवकर लक्षात आलं नाही. आधी लक्षात आलं ते त्याच्याच. त्याची कुत्री पेनी, लहानशी, आखूड शेपटीची, खारीला झाडावर चढवून खाली उभी राहून भुंकणारी. एका हिवाळ्यात ती ओढ्यापलीकडे झाडाखाली भुंकत राहिली, आणि हा अर्धा दिवस तिला भलत्याच बाजूला शोधत फिरला. सापडली तेव्हा तिचा घसा बसला होता. पेनी मेल्यावर त्यानं दुसरी कुत्री पाळली नाही. लोकांना सांगितलं, तिच्यासारखी पुन्हा मिळायची नाही. लोकांना ते फार हृदयस्पर्शी वाटलं.

डेल्फाला फसवणं मात्र कठीण. चुलीवरची किटली शिट्टी घालतेय आणि हा शेजारी बसून जाळाकडे बघतोय, हे तिनं दोन-तीनदा पाहिलं आणि सरळ विचारलं. त्यानं आधी कानावर हात ठेवले. मग कबूल केलं. हॅझर्ड गावात कानाचा डॉक्टर आहे, चल, म्हणाली. तो म्हणाला, मला लागतं तेवढं ऐकू येतं. निदान एल्झीला सांग, म्हणाली. तेव्हा तो भडकला. एल्झीला कळलं तर तो आपल्याबरोबर रानात येणार नाही, आणि कान नसलेल्या माणसाला कुणी शिकारी म्हणत नाही, हे त्याचं म्हणणं. खाण गेली, दम गेला, आता हेही गेलं तर मी पडवीत बसून काय करू, असं तो बोलला. डेल्फानं तोंडाला कुलूप लावलं. त्यानंतर प्रत्येक हंगामात तो रानातून परत येईपर्यंत तिनं भांडी घासली नाहीत. उगीच खिडकीपाशी उभी राहायची.

ओर्बीनं डोळ्यांवर भागवलं. कुरतडणं ऐकू येत नाही, तर पडणारी टरफलं बघायची. शीळ ऐकू येत नाही, तर सगळ्यांच्या आधी, अंधारातच जाऊन बसायचं. दोनदा एल्झीनं विचारलं, शिळेला उत्तर का दिलं नाहीस? तोंडात तंबाखू होती, हा म्हणाला. ते खपून गेलं.

मग एका ऑगस्टात, हंगाम उघडला त्या शनिवारी, ठरलं होतं असं, की ओर्बी मोठ्या धारेवर आणि एल्झी स्मशानाच्या अंगाला. एल्झीला तिथं उजाडता उजाडता एक खार मिळाली. रिवाजाप्रमाणे हंगामातल्या पहिल्या खारीची शेपटी त्यानं टोपीच्या पट्टीत खोवली. मग तिथं कुणीतरी परकी माणसं दोन मोठे कुत्रे घेऊन आली, सगळा विचका झाला, आणि एल्झी वैतागून मोठ्या धारेकडे चढला. वर आल्यावर थांबून शीळ घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. उत्तर नाही. ओर्बी खालच्या ओहळात उतरला असेल, असं समजून तो एका पडक्या झाडाच्या खोडाआड बसला आणि त्यानं नाणं वाजवायला सुरुवात केली.

ओर्बी तिथंच होता. खालच्या बाजूला, तीसेक पावलांवर, बीचच्या झाडाच्या बुंध्याला टेकून. त्याला शीळ ऐकू आली नाही. ज्या वाजवण्याची तो आयुष्यभर मनातल्या मनात वाहवा करत आला, तेही ऐकू आलं नाही. त्याला दिसलं एवढंच, की पडक्या खोडाच्या वर एक करडी शेपटी उभी आहे आणि मधूनच झटके देतेय.

त्यानं रायफल गुडघ्यावर टेकवली. शेपटी आहे तर डोकं कुठं असेल, याचा अंदाज घेतला आणि नळी तिथं धरली. धुकं विरळ होत होतं. मोझेल मावशीच्या डब्यात पहिली हीच, असं मनात आलं. वाट बघत राहिला. शेपटी हलली, थांबली, पुन्हा हलली. दुसरा कुणी असता तर त्यानं शेपटीखाली अंदाजानं गोळी घातली असती. ओर्बीनं घातली नाही. डोळा दिसला नव्हता.

मग शेपटी वर उचलली गेली आणि डोळा दिसला. बोट चापावर आलं, चाप अर्धा दाबला गेला.

डोळा निळा होता.

खारीचा डोळा काळा असतो. ओर्बीनं बोट काढलं. नळी खाली घेतली आणि रायफल उघडून गोळी बाहेर काढली. एल्झीला ती हालचाल दिसली. आपल्याकडे रोखलेली नळी खाली जातेय, हे त्यानं पाहिलं. तो उठून उतारावरून खाली आला. आधी रागातच.

"शीळ घातली होती मी. दोनदा. पुन्हा तंबाखू होती का तोंडात?"

ओर्बी त्याच्या ओठांकडे बघत होता. खोटं तयारच होतं, फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर एल्झीनं दोन शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या शनिवारी दोघं पुन्हा धारेवर आले असते. ओर्बीनं ती गोळी एल्झीच्या तळहातावर ठेवली.

"ऐकू आली नाही. तुझं नाणंही ऐकू आलं नाही. ऐकूच येत नाही मला, एल्झी."

"कधीपासून?"

"पेनी होती तेव्हापासून."

एल्झी त्याच्या शेजारी बसला. गोळीकडे बघत राहिला, मग टोपी काढून पट्टीतली शेपटी उपटली आणि पानांत फेकली. मग म्हणाला, "म्हणजे इतके हंगाम मी तुझ्यासमोर डोकं घेऊन हिंडतोय. तुझं नाक वर राहावं म्हणून."

"होय."

"आणि माझ्या बहिणीला ठाऊक होतं?"

"तिला मीच गप्प केलं. तिच्यावर रागावू नकोस."

एल्झी रागावला, पण डेल्फावर नाही. चालताना तो पुढे गेला, मागे वळून बघितलं नाही. ओढ्यापाशी मात्र थांबला, आणि ओर्बी मागून आल्यावर त्याला दम लागलेला बघून आपल्याच खांद्यावर दोन्ही बंदुका घेतल्या. डेल्फानं खिडकीतून दोघांना येताना पाहिलं. ओर्बीच्या जाकिटाचा मागचा खिसा सपाट होता. त्यानं घरात शिरताच तिला सगळं सांगितलं, न लपवता. ती खाली बसली. रायफल खुंटीवर गेली ती परत उतरली नाही.

दुपारी एल्झीनं आपली एकुलती एक खार सोलून मोझेल मावशीच्या पडवीत ठेवली आणि सांगितलं, ओर्बीनं पाठवलीय. या वर्षी एकच का, म्हातारीनं विचारलं. दम लागतो आता त्याला, एल्झी म्हणाला. तिथून ती गोष्ट निघाली, चर्चपर्यंत पोचली आणि शेवटी दफनाच्या दिवशी पाद्रीबुवांच्या तोंडून बाहेर पडली. ओर्बीनं ती खोडून काढली नाही. फुप्फुसं गेली म्हणून घरी बसलेल्या माणसाकडे लोक आदरानं बघतात. बहिऱ्याला हसतात. त्याला हे ठाऊक होतं, आणि खोटी गोष्ट तशीच चालू दिल्याची त्याला लाजही वाटायची. डेल्फाला त्यानं तसं सांगितलं होतं.

एल्झी दर रविवारी येत राहिला. पडवीत बसून मोठ्यानं, जवळजवळ ओरडून, धारेवरच्या बातम्या द्यायचा. एकदा त्यानं ओरडूनच अट घातली. आधी कान, मग रान. कानात यंत्र घाल, मी शीळ घालतो, तू उत्तर दे, की तुला पुन्हा वर नेतो. बंदूक नाही, नुसतं बसायला. ओर्बी आधी नाही म्हणाला, मग एका वसंतात आपणहून एल्झीच्या ट्रकमध्ये जाऊन बसला. हॅझर्डला डॉक्टरनं कान तपासले, मऊ पदार्थ भरून कानांचे साचे घेतले आणि यंत्र बनून आलं की कळवू म्हणून सांगितलं. परतताना ओर्बीनं विचारलं, यंत्र लावलं की नाणंही ऐकू येईल का? माझं वाजवणं आहे, मेलेल्यालाही ऐकू येईल, एल्झी म्हणाला.

यंत्र आल्याचा निरोप जुलैत आला. त्या आठवड्यात एल्झीच्या ट्रकचा गिअर बिघडला. पुढच्या आठवड्यात वाळणीला टांगायची तंबाखू कापायची होती. ओर्बी म्हणाला, घाई कशाला, हंगाम उघडायच्या आत आणलं की झालं. मग गुरुवारचं ठरलं. बुधवारी सकाळी डेल्फा कॉफी घेऊन पडवीत आली, आणि तिनं हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग कप खाली ठेवून त्याच्या खांद्याला हात लावला.

यंत्र हॅझर्डलाच आहे. आणायला कुणी गेलेलं नाही.