कॅप्टन नारायणची सही

नारायण गेल्याची बातमी मला पानाच्या ठेल्यावर कळली. पानवाल्यापुढे हात केला होता, तेवढ्यात शेजारी उभा असलेला आडत्याचा दिवाणजी म्हणाला, "गुरुजी, आयकलं का? तो दारुड्या कॅप्टन गेला म्हणे सकाळी." बोलणारा माणूस तसा वाईट नाही. त्याने नारायणला आयुष्यात दोन-चारदा पाहिलं असेल, पिताना तर एकदाही नाही, कारण नारायण थेंबभर घेत नव्हता. गावात चालत आलेलं नाव त्याने घेतलं, एवढंच. मला मात्र पान नकोसं झालं. शिसारी आली ती त्या दिवाणजीची नव्हे... ते नाव गावाला मिळालं कसं, हे त्या ठेल्यावर मला एकट्यालाच ठाऊक होतं.

नारायण आणि मी खामगावात एकाच गल्लीत वाढलो. त्याचे वडील कापूस बाजारात मापारी होते. ज्यांनी आमचा बाजार पाहिला आहे त्यांना सांगायला नको. गाडी घरून निघतानाच कापसावर पाणी मारायचं, म्हणजे तो जड भरतो. आणि घेणाऱ्याने काट्याला गुडघा लावायचा, म्हणजे तो हलका भरतो. दोन्हीकडचे लोक कपाळाला गंध लावून हे करायचे. नारायणचे वडील कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचे आणि ओला असेल तर सरळ "ओला" म्हणायचे. काट्याजवळचा गुडघाही बाजूला सारायचे. त्यामुळे त्यांना शिव्या दोन्हीकडून. संध्याकाळी ते आम्हा पोरांना ओट्यावर बसवून डोळे मिटायला लावत आणि हातात काहीतरी ठेवत. कधी विळा, कधी गुळाची ढेप. वजन सांगायचं. मी हमखास चुकायचो. नारायण छटाकाचाही फरक पडू द्यायचा नाही. "हातानं खोटं बोलू नये," एवढंच ते म्हणायचे.

असा हा पोरगा पुढे नागपूरला जाऊन विमान चालवायला शिकला, कंपनीत लागला आणि कॅप्टन झाला. गावाने सत्कार केला, घोड्यावर बसवायचं तेवढं बाकी ठेवलं. पण कॅप्टन म्हणजे नेमकं काय, हे कोणालाच कळलं नव्हतं. लोकांना वाटे, मोटारीचा ड्रायव्हर तसा हा विमानाचा. फक्त टोपी भारी. मीही एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "चालवणं त शिकवलं म्हणजे कोणालेबी येते. पण चाक जमिनीवरून सुटायच्या आधी एक कागद येते माह्यापुढं. माणसं किती, सामान किती, पेट्रोल किती. त्याच्यावर माही सही लागते. ते झाली का मंग सगळ्यायचा जीव माह्या नावावर." सुट्टीवर आला की बसमध्ये चढण्याआधी तो एकदा बसभोवती फेरी मारायचा आणि टायर बघायचा. कंडक्टर हसायचे. त्याच्या आईला लिहिता येत नसे. तिची पत्रं मीच लिहायचो, दर पंधरवड्याला, माझ्या या मोत्यासारख्या अक्षरात.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझ्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका भाऊसाहेब म्हणतो, त्यांच्या मुलाचं लग्न मुंबईला ठरलं. जवळच्या जलंब स्टेशनात गाडीत बसलं की माणूस सरळ मुंबईला उतरतो. पण भाऊसाहेबांना वऱ्हाड विमानाने न्यायचं होतं. मग काय, मुंबईला जाण्यासाठी आम्ही भर मे महिन्यात आधी उलट्या दिशेने नागपूरला गेलो! बरोबर आहेराच्या चांदीपितळेच्या भांड्यांनी ठासलेल्या अकरा पेट्या. मला का नेलं, तर त्या दिवशी कॅप्टन नारायण होता, म्हणून. "तुमचा दोस्त हाय न गुरुजी, काही लागलं त सांगजा त्याले," भाऊसाहेब म्हणाले होते. दोस्ताची गरज लागूच नये अशी तजवीज त्यांच्या कारभाऱ्याने आधीच केली होती. विमानतळावरच्या वजन करणाऱ्याला हाताशी धरून प्रत्येक पेटीच्या चिठ्ठीवर निम्म्याहूनही कमी वजन लिहून घेतलं. आमच्या बाजाराची सवय, दुसरं काय. ओला कापूस विकून मोठी झालेली माणसं ती, त्यांना विमानही बैलगाडीच वाटलं. मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि बोललो नाही.

दुपारचे दोन. फरशीवर पाय ठरत नव्हता. नारायण नेहमीप्रमाणे विमानाभोवती फेरी मारत आला. हमाल पेट्या चढवत होते. त्याने चिठ्ठी वाचली, मग पेटीच्या कडीत हात घालून ती वीतभर उचलली आणि खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरीला त्याने हात लावला नाही. "सगळं उतरवा. पुन्हा काटा करा," तो म्हणाला. काटा झाला. सामान कागदावरच्या दुपटीहून जास्त भरलं. त्याने भाऊसाहेबांना शांतपणे सांगितलं की अशा उन्हात हवा पातळ होते, विमानाला वर उठायला जड जातं, धावपट्टी संपेल आणि चाकं उठणार नाहीत. एक तर पेट्या राहतील, नाहीतर आठ माणसं. भाऊसाहेबांनी आधी हसून पाहिलं, मग कंपनीच्या मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर घाम पुसत म्हणाला, कॅप्टनच्या शब्दापुढे माझं चालत नाही. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी पुढे झालो. "नारायण, जाऊ दे न आता... लग्न आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "बापू, तूबी बसणार हाय न याच्यात?" मी मागे सरलो. तो भाऊसाहेबांना म्हणाला, "खाली तुम्ही म्हणसान ते होईन. इथं सही माही आहे."

पेट्या राहिल्या. आम्ही सुखरूप मुंबईला उतरलो, लग्न थाटात लागलं, आहेर मागाहून रेल्वेने आला. कोणाचं केसाएवढं नुकसान झालं नाही. पण परत आल्यावर भाऊसाहेबांच्या बैठकीत पाच जण बसले आणि विमान कंपनीकडे करायचा अर्ज ठरला: सदर कॅप्टन मद्यधुंद अवस्थेत होता, त्याने प्रतिष्ठित प्रवाशांचा अपमान केला. मसुदा कारभाऱ्याचा. लिहायला मी. "गुरुजी, तुमचं नोकरीत कायम करायचं पत्र माह्या टेबलावरच पडलं आहे," भाऊसाहेब मायेने म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. मी बोरू नीट करून, समास सोडून, एक काना-मात्रा न चुकता तो अर्ज लिहिला. दोनदा वाचून पाहिला. पाचवी सही माझी. नंतर चहा आला, शेव-चिवडा आला. मी दोन्ही खाल्लं. आज आठवलं की त्या चिवड्याचा वास नाकात येतो.

नारायणला सात महिने घरी बसवलं. पेट्यांच्या वजनाची नोंद विमानतळावर होती, तिच्यातून अर्जामागचं खरं कारण उघड झालं म्हणून तो सुटला, पुन्हा कॅप्टन म्हणून उडू लागला. पण नाव चिकटलं ते चिकटलं. नांदुऱ्याची ठरलेली सोयरीक मोडली, ती पुन्हा कुठे जुळली नाही. त्याची आई देवळात जायची बंद झाली. मला तोवर शाळेत कायम केलं होतं, आणि मी दर पंधरवड्याला त्या माउलीच्या ओट्यावर बसून तिचं पत्र लिहीत होतो! निर्लज्जपणाला काही सीमा असते, असं मी वर्गात मुलांना शिकवतो. मला तरी ती सापडली नाही.

हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा त्याचा उडण्याचा परवाना गेला आणि तो बहिणीकडे, शांताताईंकडे, खामगावला येऊन राहिला. जाण्याच्या आठ दिवस आधी मी भेटायला गेलो. माझी पेपरांची पिशवी त्याने सवयीने हातात तोलली. "तीन किलोले जरासं कमी," म्हणाला आणि हसला. खूप बारीक झाला होता. मला वाटलं, आज बोलून टाकावं. पण खरं बोलायला बसलेला माणूसही किती हलकट असतो बघा. मी म्हणालो, "नारायण, तो अर्ज... मी न वाचताच सही केली होती रे."

"न वाचता?"

"हाव."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "अक्षर त तुहंच होतं न बे. चौकशीत त्यायनं टेबलावर ठेवला, अन् वरची ओळ पाहून मले वाटलं, मायचं पत्र आलं."

एवढं बोलून तो शांताताईंना म्हणाला, बापूले चहा कर.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नगरवाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी भाऊसाहेब. फोटोला हार घालताना त्यांनी डोळे पुसले. कोरडे डोळे पुसायची कला मी जवळून पाहिली आहे. "नारायण मले धाकट्या भावासारखा. आमच्या पोराच्या लग्नात त्यानं आमच्यासाठी इमान थांबवून ठेवलं होतं," ते म्हणाले. विमानाला ते इमानच म्हणतात. सभेने माना डोलावल्या. त्या बैठकीतले दोघे पहिल्या रांगेत होते, त्यांनीही. मग ठरावाची वेळ आली. "गुरुजी, तुम्हीच लिहा, तुमच्यासारखं अक्षर कोणाचं नाही. ते इमान थांबवल्याचं घ्या त्याच्यात." कागद पुढे आला. मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणालो, "मी लिहिणार नाही." भाऊसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जुना दोस्त आहे, लई दुःख झालं गुरुजीले." आणि कागद दुसऱ्याकडे सरकवला. माझा पहिलावहिला नकारही त्यांनी श्रद्धांजलीत खपवून टाकला. खांद्यावरचा तो हात मला अजून धुऊन काढावासा वाटतो.

म्हणून हे लिहिलं, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी. नोकरीची चार वर्षं अजून भाऊसाहेबांच्याच संस्थेत काढायची आहेत, आणि ही पुरवणी त्यांच्या बैठकीत रविवारी मोठ्याने वाचली जाते, हे मला माहीत आहे.

शांताताईंनी परवा बोलावून नारायणच्या टेबलावरचं दोन शेराचं लोखंडी माप माझ्या हातात दिलं. वडिलांचं ते. तो त्याखाली कागद ठेवायचा. आल्यापासून ते माझ्या टेबलावर आहे आणि ही पानं त्याच्याखाली आहेत. अक्षर माझं आहे. दोनदा वाचलं. खाली सही केली आहे.