मंदारने मला सांगितलेल्या वेळा

गेल्या शनिवारी अमेरिकेतल्या केप कॉडच्या कालव्यात आमची बोट अडकली. माझ्यामुळे अडकली, हे आधीच सांगून टाकते.

बोट मंदारची... माझ्या नवऱ्याची. तो फेब्रुवारीत गेला. ही जुनी शिडाची बोट विकायचं मीच ठरवलं, आणि घेणाऱ्याला ती कालव्यापलीकडे हवी होती. आमची लेक ईशा म्हणाली, मी नेते. मंदार गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. कारण मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

हा कालवा दोन बाजूंच्या समुद्रांना जोडतो. आत शिडं वापरायची नाहीत, इंजिनवरच जायचं. आणि पाण्याला भयंकर ओढ, दर सहा तासांनी उलट दिशेला. पाण्याबरोबर गेलात तर तासा-दीड तासात पार... उलट पडलं तर आमच्या इवल्याशा इंजिनाचं काही चालत नाही.

ईशाने आठची वेळ दिली होती. मी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, बटाट्याची भाजी केली. अर्ध्या वाटेत आठवलं, बोटीपुढे फोडायचा नारळ घरीच राहिला... ईशाला गाडी वळवायला लावली. धक्क्यावर पोचलो तेव्हा सव्वानऊ. ईशा म्हणाली, आता नको. मीच म्हटलं, एवढ्याने काय होतंय, चल.

अर्ध्या कालव्यात पाणी फिरलं. इंजिन फुल, आणि काठावरचा दिव्याचा खांब दहा मिनिटं आमच्या शेजारीच उभा. मागून एक अवाढव्य मालवाहू बार्ज येत होता. ईशा सुकाणू घट्ट धरून उभी होती आणि मी मांडीवर पुऱ्यांचा डबा धरून बसले होते... शेवटी कालव्याच्या गस्तीच्या बोटीने दोर टाकून आम्हाला मागे ओढत नेलं.

धक्क्याला लागल्यावर ईशा बोलली. "बाबा तुला खोटं सांगायचा, आई. एव्हरी सिंगल टाइम. नऊला निघायचं असलं की तुला आठ सांगायचा. मी तुला रिअल टाइम सांगितला."

इतकी वर्षं आमची टाइड, म्हणजे भरती-ओहोटीची वेळ, कधी चुकली नव्हती. मी आपली समजत होते, माझं वेळेत आवरतं.

मग ती पाण्याकडे बघत म्हणाली, "हॉस्पिटलमधून पण मी रिअल टाइमच सांगितला. डॉक्टर म्हणाले एक तास, मी पण एक तासच म्हटलं. आय शुड हॅव सेड नाउ."

तो फोन आला तेव्हा मी मंदारसाठी वरणाला फोडणी देत होते. त्याने आदल्या दिवशी मागितलं होतं. तासभर आहे ना, म्हणून भाताचा कुकर उतरेपर्यंत थांबले, डबा भरला... पोचले तेव्हा तो जाऊन वीस मिनिटं झाली होती. ईशा एकटीच होती त्याच्याजवळ. घरी येऊन ते वरण मी सिंकमध्ये ओतलं. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मला वाटत होतं, ती माझ्यावर चिडली आहे. ती पोर इतके महिने स्वतःलाच दोष देत बसली होती. मी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी बोट रिकामी करताना मंदारचं टाइडचं पुस्तक हाती लागलं. आमच्या प्रत्येक ट्रिपच्या तारखेपुढे पेन्सिलने दोन वेळा लिहिलेल्या. एक पाण्याची... आणि एक माझी.

रविवारी ईशाने आठला निघायचं म्हणून सांगितलं. पुस्तकात बघितलं तर पाण्याची वेळ नऊ. मी सातलाच धक्क्यावर जाऊन बसले. कालवा तासाभरात पार झाला. बोट देऊन टाकली, पुस्तक ठेवून घेतलं.

मंदार, दर वेळी तू त्या धक्क्यावर माझी तासभर वाट बघितलीस आणि मला कधी कळू दिलं नाहीस... थँक यू. त्या एका दिवशी मात्र तुला थांबता आलं नाही.