वात्सल्यमूर्तीच्या नखांत काय होतं

हसू नका असं मी म्हणणार नाही, फक्त हातातला चहा तेवढा खाली ठेवा. असली फजिती शत्रूचीही होऊ नये!

मी तेव्हा धुळ्याला ड्रॉइंग मास्तर. लग्नाची दोन स्थळं मोडली होती. "पोरगा चित्रं काढतो ते कळलं, पण काम काय करतो?" असं विचारून लोक उठून जायचे. तिसरं स्थळ धरणगावचं. तेही गेलं असतं तर आईने मला घराबाहेर काढलं असतं, आणि बरोबरच होतं तिचं.

त्याच सुमारास एक गोरा साहेब बदलून गेला. त्याच्या सामानाच्या लिलावात मला एक छापील चित्र मिळालं. पांढरी टोपी घातलेली बाई, तिच्या मांडीवर डोकं टेकलेलं पोर, बाजूला झाडू, बादली आणि मांजर. खालची इंग्रजी ओळ वाळवीने खाल्लेली. 'डच' एवढंच वाचता येत होतं. बाईचे दोन्ही हात पोराच्या डोक्यावर. म्हटलं, आशीर्वाद! दुसरं काय असणार? चौकट करून चित्र बैठकीत लावलं आणि नाव दिलं 'वात्सल्यमूर्ती'.

आईने विचारलं, "कोण रे ही?"

"विलायतेकडची माता आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी आईने चित्राला हळदकुंकू वाहिलं. चौथ्या दिवशी आळीतल्या बायका आजारी पोरं घेऊन दर्शनाला हजर! तेव्हाच खरं सांगायला हवं होतं ना? पण मी आपला छाती फुगवून उभा.

मग धरणगावची मंडळी घर पाहायला आली. मुलीचे वडील आबा आणि त्यांची थोरली बहीण अक्का. शब्द चालायचा तो अक्कांचा. मी छडी घेऊन चित्रापुढे उभा राहिलो. "पाहा, खिडकीतून उजेड कसा आलाय! या बोटांतून ममता कशी पाझरतेय!"

आबा मान डोलवत होते. अक्का उठल्या, चित्राला नाक लावून आल्या.

"मास्तर, कसाना आशीर्वाद? ती उवा काढी ऱ्हायनी!"

अहो, महिनाभर रोज बघत होतो, पण नीट पाहिलं ते त्या दिवशी! बाईच्या अंगठ्यांची नखं एकमेकांवर दाबलेली. आणि आईने नेमकं तिथेच कुंकू लावलेलं.

घामाने माझं डोकं खाजायला लागलं. मी खाजवलं. अक्कांनी ते पाहिलं!

"अय माय! आठे बठ्ठासना डोकामा उवा शेतस का?"

"नाही हो अक्का, इथे कुणाच्याच डोक्यात उवा नाहीत, शपथ!"

"मंग बसा खाले."

भरल्या वर्गाला धाक घालणारा मी, आबांच्या देखत, अक्कांच्या मांडीवर डोकं टेकून बसलो. भिंतीवर जे दृश्य, तेच खाली. मांजर तेवढं कमी होतं. अक्कांनी केस उलटेपालटे केले, कानामागे पाहिलं. माझं लग्न होणार की नाही, ते त्या दहा बोटांत अडकलं होतं.

शेवटी त्या आबांना म्हणाल्या, "भाऊ, वरतून साफ शे. मझार काय शे, ते आपली पोर दखी लेई."

लग्न झालं. चित्र अजून तिथेच आहे. मधूनच मी बायकोला विचारतो, "काय गं, अक्कांनी सांगितलं होतं ते आतलं पाहिलंस का?"

"दखी ऱ्हायनू," ती म्हणते, "पन अजून काहीच सापडनं नही."