सासूबाईंनी सांगितलेला अर्थ

माझं माहेर बौद्ध. लहानपणी कुणाला वाईट स्वप्न पडलं की वडील एवढंच विचारायचे, रात्री काय खाल्लं होतंस? लग्न होऊन मी शहरातल्या छावणी भागात एका ख्रिस्ती घरात आले, तेव्हा स्वप्नांना कुणी इतकं मनावर घेत असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या सासूबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मी आले तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण चर्चची सगळी मंडळी त्यांना अजून बाईच म्हणायची. बुधवारी दुपारी महिलांची प्रार्थनासभा संपली की एखादी बाई मागं रेंगाळायची आणि त्यांच्यासोबत आमच्या घरापर्यंत यायची. चहा व्हायचा, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, आणि मग ती हळूच म्हणायची, बाई, एक स्वप्न पडलं होतं.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. आई लगेच अर्थ सांगत नसत. आधी चौकशी करत. कुणाशी भांडण झालंय का, घरात कोण आजारी आहे, झोपायच्या आधी टीव्हीवर काय बघितलंस. त्यातच उत्तर सापडलं तर विषय तिथंच संपायचा. नाही सापडलं तर त्या शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायच्या. त्यांचं म्हणणं असं, की शास्त्रात एकाच खुणेला दोन बाजू असतात. साप म्हणजे देवाच्या बागेत पहिल्या बाईला फसवणारा. पण वाळवंटात सर्पदंशानं माणसं मरत होती, तेव्हा खांबावर टांगलेल्या पितळेच्या सापाकडे बघूनच ती जगली. पाणी बुडवतं आणि बाप्तिस्माही पाण्यातच होतो. आमच्याकडं स्वप्नात लग्न दिसलं की बायका धास्तावतात, घरात मौत होणार म्हणतात. आई सांगायच्या, शास्त्रात स्वर्गाला लग्नाच्या जेवणाची उपमा आहे, तू कशाला भितेस? ऐकणारी बाई हलकी होऊन घरी जायची. करणी, नजर असलं काही मात्र त्या ऐकूनच घेत नसत. ज्या अर्थानं शेजारणीवर संशय येतो, तो देवाकडचा अर्थ नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं.

मी आतून ऐकायचे. माझा विश्वास बसायचा नाही. पण आलेली बाई जाताना वेगळी दिसायची, ते मला नाकारता येत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जोडपं राहायचं. ती साधारण माझ्याच वयाची, माहेर पाचोडचं. नवरा पिकअप चालवायचा, वैजापूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरून शहरात आणायचा. मूलबाळ नव्हतं. बोलायला मोकळी होती, माझ्याशी तिचं चांगलं जमायचं. एका उन्हाळ्यात बुधवारची वाट न बघता ती सकाळीच आली. मी पोळ्या लाटत होते आणि आई भाजी निवडत होत्या. ती तिथंच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

तिचं स्वप्न असं होतं. मोठ्या खोलीत लांबलचक टेबल मांडलेलं आणि माणसं जेवायला बसलेली. सगळ्यांचे कपडे पांढरे. त्यांच्यात तिचा नवराही, पांढऱ्याच कपड्यात. ती दारात उभी राहून त्याला हाका मारते, पण तो वर बघत नाही, आणि तिला आत पाऊल टाकता येत नाही.

"लई दिवसांनी त्याला असं निवांत जेवताना बघितलं," ती म्हणाली.

आईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. तेव्हा कळलं की दोघांत अबोला आहे. मूल दत्तक घ्यावं असं तिच्या मनात होतं, तो ऐकायला तयार नव्हता. त्यावरून वाद झाला आणि बोलणंच बंद झालं. ती डबा भरून देत होती, तो उचलून नेत होता, इतकाच व्यवहार उरला होता.

आईंचे हात भाजीवरच थांबले होते. मग त्या म्हणाल्या की स्वप्न चांगलं आहे. ते प्रभूच्या घरचं जेवण आहे, तुझ्या नवऱ्यावर कृपा आहे. तिनं विचारलं, मग मी बाहेर का? आई म्हणाल्या, तुझी वेळ यायचीय अजून.

"म्हणजे भिण्यासारखं काय नाय ना?"

"नाही," आई म्हणाल्या.

तिचा चेहरा खुलला. कृपा आहे म्हटल्यावर तोच येईल मऊ होऊन, मी काही आधी बोलणार नाही, असं हसत म्हणत ती उठली. आईंनी तिला अडवलं नाही.

ती गेल्यावर मी म्हटलं, छान सांगितलंत. आईंनी भाजी पुन्हा हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाल्या, पांढरे कपडे, ते जेवण आणि तिला बंद असलेलं दार. मला तर तो गेल्यासारखाच दिसला. मी विचारलं, मग तसं सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, असं कुणी कुणाच्या तोंडावर सांगतं का?

त्याच आठवड्यात लासूरच्या अलीकडे, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर त्याची पिकअप मागून आदळली. तो जागीच गेला. नुकतं उजाडत होतं आणि त्याचा डोळा लागला असावा, असं लोक म्हणत होते. कांद्याच्या गोण्या रस्ताभर पसरल्या होत्या. मातीला सगळी मंडळी होती. चर्चमध्ये शवपेटीशेजारी ती बसली होती आणि ओठ हलत होते. गाण्याचे शब्द म्हणते आहे असं मला वाटलं. जवळ गेले तर ती नवऱ्याशी बोलत होती.

काही दिवसांनी ती घरी आली. पाणी दिलं ते घेतलं नाही. आईंच्या समोर उभी राहिली.

"बाई, तुम्हाला तव्हाच कळलं व्हतं का?"

आईंना नाही म्हणता आलं असतं. मला वाटलं, म्हणतील. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, वाटलं होतं.

"तुम्ही सांगितलं असतं तर त्याला थांबवलं असतं, असं नाय म्हणत मी. त्याला थांबवणारी मी कोण? पण बोलले असते ना. त्या दिवशी डबा कट्ट्यावर ठेवला अन् तोंड फिरवून उभी राहिले मी."

इतकंच बोलून ती निघून गेली. पुढं तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि सामानासकट तिला पाचोडला घेऊन गेला.

मी आईंना माझ्या परीनं समजावलं. स्वप्नाचा आणि अपघाताचा संबंध नाही, तो दमलेला होता, झोप लागली. तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी ट्रेलर तिथंच उभा असता. आई मग म्हणाल्या, तो मरणार होता की नाही, हा माझा प्रश्नच नाही. तिनं विचारलं आणि मी देवाचं नाव घेऊन खोटं बोलले.

मग त्यांनी मला शास्त्रातली तुरुंगाची गोष्ट सांगितली. राजाच्या दोन कैदी चाकरांना स्वप्नं पडतात. एक राजाला प्याला देणारा, दुसरा आचारी. स्वप्नांचा अर्थ सांगणारा तरुण त्याच कोठडीत असतो. तो पहिल्याला सांगतो, तू सुटशील. दुसऱ्याच्या डोक्यावर भाकरीच्या टोपल्या असतात आणि पाखरं त्यातलं खात असतात. त्यालाही तो तितकंच स्पष्ट सांगतो, तुला फाशी होईल. आई म्हणाल्या, मी जन्मभर बायकांना पहिल्याची गोष्ट सांगत आले. आचाऱ्याची पाळी आली तेव्हा मला धीर झाला नाही.

पुढच्या बुधवारच्या सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं की यापुढं माझ्याकडं स्वप्न घेऊन कुणी येऊ नका. का, तेही सांगितलं. चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन गेले. तुमच्या मनात दया होती, देव ते जाणतो, असं म्हणाले. त्यांनी प्रार्थना केली, पण आईंच्या तोंडून आमेन आलं नाही.

पावसाळा संपल्यावर त्या मला म्हणाल्या, चल, पाचोडला जाऊन येऊ. आम्ही बसनं गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता, गर्दीतून वाट काढत भावाचं घर शोधलं. ती ओसरीत मशीनवर बसून साडीला फॉल लावत होती. आम्हाला बघून मंडळीतल्या रिवाजाप्रमाणं सलाम म्हणाली, पण पाय थांबवला नाही. आई समोर खुर्चीवर बसल्या. येताना बसमध्ये काय काय बोलायचं ठरवत होत्या, त्यातलं एकच वाक्य निघालं.

"मी तुझ्याशी खोटं बोलले, पोरी. मला माफ कर."

मशीन चालूच होती. साडीचा काठ संपल्यावर तिनं दोरा तोडला.

"अर्थाचं ऱ्हाऊ द्या, बाई. मला आता त्याचं स्वप्नच पडत नाय. रोज वाट बघते. एकदा तरी दिसावा ना."

एरवी अशा वेळी आई उठून डोक्यावर हात ठेवायच्या आणि प्रार्थना करायच्या. त्यांनी हात उचलला, मधेच थांबवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. भावजयीनं चहा आणला, आम्ही प्यालो. ती पुढची साडी घेऊन बसली. निघताना तिनं मान हलवली, पण बाहेर आली नाही. बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर आई खचत गेल्या. बायका अजूनही यायच्या, पण आई फक्त ऐकून घ्यायच्या. मला ठाऊक नाही, एवढंच सांगायच्या. काही जणी नाराज झाल्या आणि हळूहळू यायच्या थांबल्या. शेवटच्या आजारपणात आईंना झोपच लागत नसे. मी उशाशी बसायचे. त्यांना मरणाची भीती नव्हती, पण देवासमोर त्या बाईचं नाव निघेल, याची होती. तुमच्या देवाला तुमचं मन दिसत नाही का, असं मी एकदा चिडून विचारलं. त्या म्हणाल्या, दिसतं, म्हणूनच.

त्या गेल्या, तेव्हा मी पाचोडला फोन केला. ती येईल असं वाटलं नव्हतं. कबरस्तानात सगळ्यांची माती टाकून झाली, तेव्हा ती मागून पुढं आली आणि मूठभर माती टाकून बाजूला झाली. मी तिच्याजवळ गेले.

"माफ केलं का, ते माझं मलाच उमगलं नाय अजून," ती म्हणाली. "पण मातीला यावं वाटलं."

घरी चल, दोन घास खा, म्हटलं. नको म्हणाली, बस निघून जाईल. मी तिला गेटपाशी रिक्षात बसवून दिलं. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.