उताराच्या माथ्यावर थांबलेला ट्रक

यादवभाऊ गेल्याची बातमी त्यांच्या मुलीने, वंदनाने, फोनवर दिली. झोपेतच गेले, म्हणाली. त्याला आता दीडेक महिना झाला... तेव्हापासून डोळ्यांसमोर येतात ते ऐंशीच्या दशकातल्या एका मंडईचे यादवभाऊ.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका दैनिकात होतो आणि ते एका नाटक कंपनीचा जुना ट्रक चालवत. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री नाटक होतं. ज्या गावाचं नाटक बुडालं, त्याला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. त्या दुपारी नट, पडदे, पेट्या आणि बातमीसाठी निघालेला मी, असे सगळे त्या ट्रकमध्ये होतो.

ब्रेकचा बूस्टर आधीच निकामी झाला होता. इंजिन त्या डब्यातली हवा ओढतं आणि ब्रेक दाबणाऱ्या पायाला जोर मिळतो. यादवभाऊंनी चंद्रपूरच्या भंगारातून दुसरा बूस्टर आणून स्वतः बसवला; नळी फाटकी निघाली म्हणून शेतातल्या पंपाची नळी कापून जोडली. कुरखेड्याच्या पुढे, घाटाच्या माथ्यावर पेडल दगडासारखं झालं. इंजिन चालू ठेवून त्यांनी बोनेट उघडलं. पाण्यासाठी केलेली ती नळी हवेच्या ओढीने चपटी होऊन बसली होती. बूस्टर चांगला होता. नळी आपण चुकीची लावली, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितलं आणि सगळ्यांना खाली उतरवलं.

गाव उताराच्या पायथ्याशी होतं. ट्रक अडल्याचं कळताच मंडईचे प्रमुख बाबुराव सायकल ढकलत वर आले.

"थोडा तं लागून राह्यला ना ब्रेक? हळू हळू घे ना, भाऊ."

"दोन्ही पायानं दाबलं तं लागते. उतारावर तिसरा पाय तुमी देता का?"

"पाहुणे येऊन बसले, यादव. नाटक नाई झालं तं मी तोंड कुठी दाखवू?"

"नाटक होईल. पन या गाडीत बसून कोनी खाली जानार नाई."

बाबुराव चिडले, मग विनवू लागले. यादवभाऊंनी चाकांना दगड लावले, किल्ली खिशात टाकली आणि पाहुण्यांच्या बैलबंड्या वर पाठवायला सांगितलं. राणीचं काम करणारी बाई पेटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी चालू लागली. राणीच पायी निघाल्यावर बाकीचेही तिच्या मागे उतरू लागले. बंड्या आल्या, सामान खाली गेलं. पडदा उशिरा उघडला, पण उघडला. यादवभाऊ मात्र ट्रकपाशीच थांबले. दुसऱ्या दिवशी कुरखेड्याहून जाड, कडक नळी आणली, ती बसवली, रिकामा ट्रक उतारावर चालवून पाहिला आणि मगच परतीचं सामान चढवू दिलं.

गेल्या मंडईला मी त्या गावी गेलो होतो. कंपनीची गाडी नवी, चालक तरुण. यादवभाऊंना त्याने कधी पाहिलेलं नाही. माथ्यावर येताच त्याने गाडी थांबवली. कुणी काही न सांगताच नट उतरले आणि गप्पा मारत उतार चालू लागले. रिकामी गाडी त्यांच्या मागून सावकाश खाली आली.