सुभेदारकाकांची जांभळी वेणी

सुभेदारकाकांच्या मिशा बघून नवा पोस्टमन फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. आणि ह्या मिशांचा धनी रोज संध्याकाळी ओट्यावर काय करत बसलेला असे? पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून वेणी बांधत! पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरीत आले, काका जन्मभर पाटबंधारे खात्यात फायली घेऊन बसले. पण नाव सुभेदारच राहिलं.

मी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या थाटीपुरात त्यांच्या शेजारी आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून एक जांभळी वेणी पुढे आली. मागोमाग मिशा. "घे गं सूनबाई. मोगरा संध्याकाळी माळला की सकाळी मेला. ही आठवडाभर हलायची नाही." असलं फूल मी कधी पाहिलं नव्हतं. हात लावला, तर अगदी मखमल!

ते साल्व्हियाचं झुडूप. फूलबागेकडच्या एका नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या काड्या लावून लावून काकांनी सगळ्या घराला कुंपण केलं होतं. दसरा झाला की राखाडी पानांमधून जांभळे तुरे बाहेर पडायचे आणि वर मधमाश्यांची नि शिंजीर पाखरांची नुसती झुंबड! पानांना वास असा उग्र, की मोकाट गाई हुंगून पुढे जायच्या. "चौकीदार आहे चौकीदार, आणि पगार मागत नाही," काका म्हणायचे. तुरे वाळले तरी रंग सोडत नसत, म्हणून बायका ते साड्यांच्या घडीत ठेवायच्या. काका गेले, पण त्यांचे तुरे माझ्या कपाटात अजून आहेत. काढून टाकवत नाहीत.

एकदा त्यांनी पानांचा चहा केला. काकूंनी एक घोट घेतला आणि कप त्यांच्यापुढे सरकवला. "हा तुमच्या झाडालाच घाला." काकांनी मात्र हट्टाने सगळा संपवला, वर "छान झालाय" म्हणून मिशा पुसल्या. दुसऱ्यांदा काही केला नाही.

समोरच्या भाभी सुरुवातीला हसायच्या, "अंकल, ये तो झाडू लगता है." काका उसळायचे, "झाडू? अहो, हात तो लगाके देखिए, मखमल है!" पुढच्या करवाचौथला भाभीच कुंपणापाशी उभ्या, "अंकल, मेरी वाली बनी क्या?"

मग नातीचं लग्न ठरलं. ईशा दिल्लीत नोकरीला. तिने फोनवरच बजावलं, "आबा, मला पार्लरवालीचा गजरा नको. तुमचीच वेणी हवी, वरना मैं बाल खुले रखूँगी!" काकांनी कॉलनीभर सांगितलं. आणि नेमका त्याच वर्षी त्यांच्या हातांना कंप सुटला.

लग्नाच्या सकाळी ते ओट्यावर बसले. तुरा दोऱ्यात धरायचे आणि तो निसटून पडायचा. पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायचा. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, सिटी सेंटरमधून तयार आणू का?" काकांनी असं बघितलं की तो मुकाट्याने आत गेला. मी शेजारीच बसून तुरे निवडत होते, पण वेणी मलाही येत नव्हती. काकूंना तर येतच नाही, असं काका लाडाने सगळ्यांना सांगायचे. ह्या माणसाला हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं.

काकू बाहेर आल्या. पदर खोचून खाली बसल्या, काकांच्या अंगठ्याचा दोरा काढून आपल्या अंगठ्याला अडकवला आणि भराभर तुरे गुंफायला लागल्या. काय तो हात!

"तुला येतं?" काका थक्क.

"माहेरी आम्ही बहिणी देवळासाठी बांधायचो."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

काकूंनी मान वर केली नाही. "बोलले असते तर तुम्ही बांधली असतीत का?"

काकांचे डोळे भरून आले होते. मग एकदम खाकरून गरजले, "गाठ सैल आहे! पोरीच्या केसांत टिकायची नाही."

गाठ चांगली पक्की होती. मला दिसत होती की!

काकूंनी ती सोडली. "मग दाखवा कशी मारायची ते."

काकांनी थरथरता हात त्यांच्या हातावर ठेवला आणि शिकवायला सुरुवात केली.