शांत झालेला दिवा

चिकलठाण्याच्या विमानतळावर मी इंजिनीअर म्हणून रुजू झालो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन तीसेक वर्षं झाली होती, आणि माझ्या डोक्यात मीच निजाम होतो. 'विमान दुरुस्त झालं' असं लिहून खाली सही करायचा अधिकार त्या आवारात फक्त मला होता. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर पाहुणे आले की चहाच्या आधी लायसन्स बाहेर यायचं. गावाकडच्या जमिनीचा नसेल इतका माज मला त्या पुस्तकाचा होता.

हाताखाली एक मेकॅनिक होता. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, मुकुंदवाडीत राहणारा, घराणं मेंढ्या राखणारं. हात सोन्यासारखे, इंग्रजी शून्य. तो मला सायब म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. लायसन्सवाल्यानं वयाकडं बघायचं नसतं, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

दुपारी एक जुनं जेट यायचं. आतासारखे चकचकीत पडदे त्याच्या कॉकपिटमध्ये नव्हते, समोर नुसते छोटे छोटे दिवे. ब्रेकचे दोन होते. उभ्या विमानाचा ब्रेक ओढलेला असला की लाल लागायचा, आणि ब्रेक मारल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा बिघडली की पिवळा. म्हणजे दिवा बंद असला की सगळं ठीक आणि लागला की घोटाळा. पण बल्बच उडाला असेल तरी दिवा बंदच दिसणार, म्हणून प्रत्येक दिवा बोटानं दाबून बघायचा असतो. दाबल्यावर लागला तर बल्ब चांगला.

हा उलटा कारभार मेकॅनिकला कधीच पटला नाही. तपासताना दिवा लागला की त्याचे हात आपोआप जोडले जायचे. बिघाडाच्या दिव्याला नमस्कार करणारा माणूस म्हणून मी कँटीनमध्ये त्याची यथेच्छ टिंगल करायचो. तो हसायचा, आणि मला वाटायचं माझा विनोद भारी आहे.

एका दुपारी विमान उतरलं तेच पिवळा दिवा घेऊन. परतीला एक पुढारी होते. त्यांना निरोप द्यायला एवढी माणसं आली होती की ते दिल्लीला कायमचे चालले आहेत असा कुणाचाही समज झाला असता. आमचे मॅनेजर दर दोन मिनिटांनी माझ्यापाशी येऊन घड्याळ दाखवत होते, जसं काही बिघाड घड्याळातच होता. मी मेकॅनिकला वर कॉकपिटमध्ये पाठवलं आणि खाली चाकापाशी वायरचा एक जोड सैल वाटला तो घट्ट बसवला. मग वर बघून विचारलं, दिव्याचं काय?

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "सायब, दिवा शांत झाला."

मी सही ठोकली. निघण्याआधी दिवे दाबून बघायचं काम कॅप्टनचंही असतं, पण कॅप्टन पुढाऱ्यांच्या हस्ते पेढा खाण्यात गुंतले होते. दारं लागली, इंजिनं सुरू झाली, विमान धावपट्टीकडं निघालं. तेवढ्यात मेकॅनिक स्टोअरकडून लगबगीनं आला. हातात कागदात गुंडाळलेला नवा बल्ब.

"सायब, बल्ब आनलाय. इमान कुठं चाललं?"

दिवा मिटला म्हणून त्यानं तो दाबून बघितला होता, आणि दाबूनही तो लागला नव्हता. बल्ब गेला होता. 'विझला' हा शब्द त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. दिव्याला तसं म्हणत नाहीत. दिवा शांत होतो. मी मात्र त्याचा अर्थ बिघाड शांत झाला असा घेतला होता. विमानात साठेक माणसं बसली होती आणि त्यांचे ब्रेक नीट आहेत की नाहीत हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी फोनकडं धावलो असं सगळ्यांना सांगत आलोय. धावलो हे खरं, पण आधी थोडा वेळ उभा होतो. परत बोलावलं तर सहीचं काय होईल, हा विचार करत. लाज वाटते, पण विचार तोच होता. मग टॉवरला फोन केला, विमान परत आलं, नवा बल्ब बसवला आणि पिवळा दिवा झळझळीत लागला. बिघाड होता तिथंच होता. पुढारी मोटारीनं गेले, जाताना मॅनेजरांच्या सात पिढ्यांची विचारपूस करून.

चौकशी झाली. मुंबईहून आलेल्या साहेबांनी मेकॅनिकला विचारलं, सरळ बंद पडला म्हणायला काय झालं होतं? तो म्हणाला, दिव्याला आमच्यात तसं बोलत नाहीत. साहेब हसले. मीही हसलो. माझ्या घरी देवापुढची समई विझली असं मी म्हणालो असतो तर आईनं तोंडावर मारलं असतं. शब्द मला पुरता ठाऊक होता. खिडकीतून त्याचा आवाज आला तेव्हा क्षणभर शंकाही आली होती. पण शंका विचारायची तर वर चढावं लागलं असतं, आणि खाली मॅनेजर घड्याळ घेऊन उभे होते.

वेळेवर विमान थांबवल्याबद्दल मला शाबासकीचं पत्र मिळालं. मेकॅनिकला विमानावरून काढून सामानाच्या गाड्या ओढायला लावलं. त्याआधी त्याच्या जबाबावर त्याची सही हवी होती. जबाब मीच इंग्रजीत टाइप केला होता: बिघाड दूर झाल्याची चुकीची माहिती मी इंजिनीअर साहेबांना दिली.

त्यानं कागद दोन्ही हातांनी धरला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि मला विचारलं, "काय लिवलंय, सायब?"

"काही नाही," मी म्हणालो, "तू सांगितलंस तेच."

"मग ठीकाय," असं म्हणून त्यानं मराठीत, एकेक अक्षर सुटं काढत, सही केली आणि माझं पेन मला परत दिलं.